घरच्या माशांच्या टाकीसाठी सम्प आणि रेफ्युजियम: आधी लाईट गेल्यावरचा हिशोब, मग काच

भावा, तुझा प्रश्न वाचला. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर घर, ४ फूट बाय दीड बाय दीडची टाकी, त्यात दोन ऑस्कर मासे, वर टॉप फिल्टर, नायट्रेट (माशांच्या घाणीतनं पाण्यात साठणारं) काही केल्या ८० पीपीएमच्या खाली येईना, कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बजेटच्या बाहेर, म्हणून स्टँडच्या खाली सम्प, म्हणजे पाणी गाळून पंपानं परत वर पाठवणारी दुसरी टाकी, करायचा आणि त्यातच एक कप्पा रेफ्युजियमचा, म्हणजे माशांपासून लांब झाडं वाढवायचा, काढायचा. काच किती एमएमची, पंप कुठला, आणि गोड्या पाण्यात रेफ्युजियमचा खरंच उपयोग होतो का, हे तू विचारलंयस. उत्तर लांबणार आहे, जरा दमानं वाच.

पहिली गोष्ट, तू काच आणि पंपापासून सुरुवात केलीस, सगळेच करतात. पण सम्पचं डिझाईन सुरू होतं ते लाईट गेल्यावर काय होईल तिथनं. पंप चालू असताना कुठलाही सम्प चांगलाच दिसतो. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी पाईपांतनं खाली यायला लागतं आणि ते सम्पमध्ये मावलं नाही तर हॉलमध्ये, तिथनं तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पीओपीवर. हा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो तरी लोक करत नाहीत, आणि मग सम्प बेकार, कॅनिस्टरच चांगला असं सांगत फिरतात.

तर हिशोब बघ. तुझ्या टाकीचा वरचा पृष्ठभाग ४ गुणिले १.५ म्हणजे ६ चौरस फूट. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, म्हणजे तुझ्या टाकीत एक इंच उंचीचं पाणी म्हणजे अर्धा घनफूट, १४ लिटर. आता रिटर्न पाईपचं, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाईपचं, तोंड पाण्याच्या दीड इंच खाली असेल तर लाईट गेल्यावर तोच पाईप उलटा सायफन होऊन दीड इंच पाणी खाली ओढणार, २१ लिटर. त्यात पाईपमधलं आणि ओव्हरफ्लोच्या (वरचं जादा पाणी सम्पमध्ये उतरवायच्या वाटेच्या) पेटीतलं सहा-सात लिटर धर. म्हणजे २७-२८ लिटर खाली येणार, दर वेळी. सम्प ३ फूट बाय १ फूट बाय १५ इंच उंच असा केलास तर त्याचा पृष्ठभाग ३ चौरस फूट, एका इंचाला ७ लिटर, म्हणजे २८ लिटर आले की सम्पची लेव्हल ४ इंच वर चढते. चालू असताना लेव्हल ९ इंच ठेवलीस तर बंद झाल्यावर १३, वर २ इंच शिल्लक. पास. तोच सम्प कुणी १२ इंच उंचीचा केला आणि जास्त पाणी म्हणजे जास्त फिल्टर म्हणून १० इंच भरून चालवला तर पहिल्याच लोडशेडिंगला फरशी पुसायला लागते.

आता उलटा हिशोब, आणि हा तर कुणीच करत नाही. समजा ओव्हरफ्लोच्या तोंडाशी पान अडकलं, ऑस्करनं उपटून टाकलेलं काहीतरी अडकलं, पाणी खाली यायचं बंद झालं, पण पंप चालूच आहे. पंप त्याच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकणार. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. ८ इंच बाय १२ इंच आणि ९ इंच पाणी धरलं तर १४ लिटर, म्हणजे वरच्या टाकीत बरोबर एक इंच. वरच्या टाकीला पाण्याच्या वर दीड इंच काच रिकामी सोडलीस की हाही प्रश्न मिटला, पंप कोरडा पडून बोंबलेल पण घरात पाणी येणार नाही. वरचं खाली आलं तर मावतंय का आणि खालचं वर गेलं तर मावतंय का, या दोन्हीचं उत्तर हो असेल तरच काचवाल्याकडं जा.

ओव्हरफ्लो कसा करायचा हा खरा खर्चाचा आणि डोकेदुखीचा भाग आहे. दोन रस्ते आहेत, काचेला भोक पाडायचं किंवा न पाडता सायफनवर चालवायचं. माझं स्पष्ट मत, भोक पाड. न पाडता पीव्हीसीच्या पाईपचा जो यू आकाराचा ओव्हरफ्लो करतात तो चालतो, मी चालताना बघितलाय, पण त्याच्या वरच्या वाकात हळूहळू हवेचे बुडबुडे साठतात, प्रवाह कमी असेल तर जास्तच, आणि एक दिवस सायफन तुटतो. तुटला की वरचा हिशोब लागू, पाणी वर जातंय आणि खाली येत नाही. भाड्याच्या घरात, छोट्या टाकीला, पंपाचा कप्पा लहान असेल तर ठीक. ऑस्करच्या टाकीला रोज पोटभर खाणं आणि तेवढीच घाण, तिथं नको.

भोक पाडायच्या आधी काच साधी आहे की टफन (तापवून कडक केलेली) हे बघ. टफन काचेला ड्रिल लागलं की अख्खी काच चुरा होते, तिथं कारागिरी चालत नाही. आपल्याकडं लोकल बनवलेल्या टाक्या बहुतेक साध्या काचेच्या असतात, पण रेडिमेड आलेल्या टाक्यांची तळाची काच कधीकधी टफन निघते. तपासायची युक्ती सोपी आहे, लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लाव, ती काचेच्या मागं धर आणि पुढनं पोलराइज्ड गॉगल घालून बघ. काचेत गडद ठिपके, पट्टे, रंगीत सावल्या दिसल्या तर टफन आहे, हात लावू नको.

आधी टँक निपल विकत घे, मग भोकाचं माप ठरव. तेच टँक निपल जे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बसवतात, एक इंची. प्रत्येक कंपनीच्या निपलची बाहेरची जाडी वेगळी असते, त्यामुळं अमुक एमएमचं भोक असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, निपल घेऊन काचवाल्याकडं जा आणि त्याच्यासमोर मोजून घे. भोक काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढं तरी लांब पाहिजे. डायमंडचा होल सॉ, भोकाभोवती शाडूचा किंवा कणकेचा आळा करून त्यात पाणी, आणि ड्रिलवर जोर अजिबात नाही, ड्रिलचं स्वतःचं वजन पुरे. मागच्या बाजूनं टेप चिकटवली की शेवटी टवका उडत नाही. घाई करणारा काचवाला असेल तर त्याला नको देऊस. दोन भोकं पाडून घे, एक का नाही ते पुढं सांगतो. आणि हे सगळं टाकी रिकामी करूनच, ऑस्कर तेवढा दिवस झाकण लावलेल्या मोठ्या टबमध्ये एअर पंप लावून. झाकण विसरू नको, ऑस्कर उडी मारतो.

दोन भोकं अशासाठी की एक पाईप मुख्य आणि दुसरा इमर्जन्सी. एकाच पाईपवर हवा आणि पाणी दोन्ही एकदम खाली जातं, मग जो गडगड-गुळगुळ आवाज येतो त्यानं रात्री झोप लागत नाही, आणि घरातले म्हणतात मासे काढा. दोन पाईपच्या पद्धतीत मुख्य पाईपला खाली व्हॉल्व्ह लावायचा आणि तो इतका आवळायचा की पाईप पूर्ण पाण्यानं भरलेला राहील, हवा आतच जाणार नाही, आवाज शून्य. दुसरा पाईप पेटीत थोडा उंच ठेवायचा, त्यातनं एरवी काही जात नाही किंवा नुसती धार झिरपते, मुख्य पाईप तुंबला तर सगळं पाणी यातनं खाली. दुसऱ्या पाईपला व्हॉल्व्ह चुकूनही लावू नको. मुख्य पाईपला गेट व्हॉल्व्ह मिळाला तर उत्तम कारण तो केसभर फिरवता येतो, बॉल व्हॉल्व्ह जरा हलवला की फार उघडतो नाहीतर फार मिटतो, पण चिकाटीनं जमतो. फक्त पितळी गेट व्हॉल्व्ह घेऊ नको. पितळेत तांबं असतं, ऑस्करला कदाचित फरक पडणार नाही पण रेफ्युजियममध्ये झिंगे सोडायचा विचार असेल तर ते मरतात, आणि खाऱ्या पाण्यात तर पितळ बादच.

रिटर्न पाईपचं तोंड पाण्याच्या लेव्हलच्या जेमतेम खाली ठेव, शिवाय त्यात पाण्याच्या लेव्हलला लागून ३-४ एमएमचं बारीक भोक पाड, म्हणजे पाणी तिथपर्यंत उतरलं की हवा आत जाऊन सायफन तुटतो. हे भोक शेवाळानं बुजतं, महिन्यातनं एकदा टूथपिक घाल. दुकानदार तुला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लाव म्हणेल. लाव पाहिजे तर, पण त्याच्या भरवशावर हिशोब करू नको, त्यात एखादी गोगलगाय किंवा क्षाराचा कण अडकला की तो अर्धा उघडाच राहतो.

पंपाच्या बॉक्सवर जो आकडा असतो तो पाणी उंच चढवायचं नसताना मिळणारा. तुझ्या सम्पपासून टाकीच्या वरपर्यंत सव्वा ते दीड मीटर उंची होणार, त्यात दोन-तीन एल्बो. ३ मीटर कमाल हेड (पाणी जास्तीत जास्त चढवायची उंची) लिहिलेला ३००० लिटरचा पंप तिथं अंदाजे निम्मं देईल, दीड हजार. तुझ्या टाकीत खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता सव्वादोनशे लिटर पाणी असेल, म्हणजे तासाला सहा-सात वेळा सगळं पाणी फिरतं. पुरे. ५००० चा घेऊन फार काही मिळत नाही, आवाज आणि बुडबुडे तेवढे वाढतात. वीज बघ, ४० वॅटचा पंप २४ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९. दोन पंपांत निवड करताना किमतीपेक्षा वॅट बघून घे, वर्षभरात फरक वसूल होतो.

आता सम्पची काच. ३ फूट बाय १ बाय १५ इंचाला ६ एमएम चालते, जीव घाबरत असेल तर ८ घे. आतल्या पार्टिशनला ५ एमएम. पार्टिशन आतल्या रुंदीपेक्षा ४-५ एमएम कमी कापायला सांग, नाहीतर सिलिकॉनला जागाच राहत नाही आणि काच अडकते. ६ एमएमच्या भिंती असतील तर बाहेरनं ३०५ एमएमच्या सम्पची आतली रुंदी २९३ राहते, पार्टिशन २८८-२८९ चं. बऱ्याच जणांचं पार्टिशन इथंच फसतं, १२ इंची सम्प म्हणून १२ इंची पार्टिशन कापून आणतात. कडा पॉलिश करून घे, हात आत-बाहेर करून करून कापतो. ॲक्रिलिकचं पार्टिशन लावू नको, सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही.

सिलिकॉन साधं जनरल पर्पज, व्हिनेगरसारखा वास येणारं, ज्यावर ॲक्वेरियमला चालतं असं लिहिलंय ते. बाथरूमसाठीचं अँटी-फंगस अजिबात नको, त्यातलं बुरशीचं औषध माशांना घातक. काच स्पिरिटनं पुसून, कोरडी करून, एका दमात सिलिकॉन भर आणि बोट एकदाच फिरव. वरनं कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं, निदान तीन दिवस आणि पावसाळ्यात आठवडाभर ठेव, मग अंगणात किंवा बाथरूममध्ये भरून रात्रभर तपास. स्टँडमध्ये घालून तपासायचं नाही.

स्टँडवरनं आठवलं, उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडं अँगलचा स्टँड करून घेणार असशील तर त्याला सम्पचं माप आधी दे आणि मधला उभा अँगल पुढच्या बाजूला घालू नको म्हणून बजाव. सम्प तयार, स्टँड तयार, आणि सम्प आतच जात नाही हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय. सम्पच्या वर निदान १० इंच मोकळे पाहिजेत, नाहीतर स्पंज काढायला हातच जात नाही आणि ज्या गोष्टीला हात जात नाही ती कुणी धूत नाही. सगळं मिळून पाणी, काच, लोखंड, दगड धरून ४०० किलोच्या आसपास वजन होईल. तुझा आरसीसी स्लॅब आहे, भिंतीला लागून बीमवर ठेव, काही होत नाही. हेच कुणी शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात लाकडी तुळयांच्या माडीवर करत असेल तर खाली उतरव म्हणून सांगेन.

कप्पे डावीकडनं असे धर: ७ इंच पाणी पडायचा आणि स्पंजचा, ८ इंच मीडियाचा (घाण पचवणारे जिवाणू ज्यावर राहतात तो माल), ११ इंच रेफ्युजियमचा, मग २ इंचात बुडबुडे अडवायच्या काचा, आणि शेवटी ८ इंच पंपाचा. काचेची जाडी धरून थोडं इकडं-तिकडं होणार. रेफ्युजियमनंतरची पहिली काच साडेनऊ इंच उंच, तीच मागच्या सगळ्या कप्प्यांची लेव्हल ठरवते. तिच्या पुढं एक इंचावर दुसरी काच, ती तळापासून एक इंच उचललेली आणि वर ११ इंचापर्यंत, म्हणजे पाणी वरनं जाऊन खालनं बाहेर येतं आणि बुडबुडे वरच राहतात. तिच्या पुढं आणखी एक इंचावर तिसरी काच, सात-आठ इंची, तळाला चिकटलेली. स्पंजच्या आणि मीडियाच्या कप्प्यांमधली काचसुद्धा भिंतीच्या दोन इंच खालीच संपव, म्हणजे स्पंज तुंबला तरी पाणी त्याच्यावरनं पुढं जाईल, बाहेर नाही.

मीडियावर लोक फार पैसे घालतात. जिवाणूंना पृष्ठभाग आणि ऑक्सिजन लागतो, ब्रँड नाही. सिरॅमिक रिंग चांगल्या, लाव्हा रॉक चांगला, भांडी घासायचे प्लॅस्टिकचे स्क्रबर पण चांगले, साबण नसलेले. जुन्या घराची कौलं उतरवलेली कुठं मिळाली तर त्यांचे तुकडे, रंग न लावलेले, नीट धुऊन, फुकटात उत्तम काम करतात. महत्त्वाचं हे की मीडियाच्या आधीचा स्पंज किंवा पांढरं वूल दर तीन-चार दिवसांनी धुवायचं. घाण पाण्यातनं गाळली म्हणजे ती गेली असं नसतं, ती स्पंजमध्ये बसून तिथंच कुजते आणि नायट्रेट होऊन परत टाकीत. मीडिया मात्र नळाच्या पाण्यानं धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतनं काढलेल्या पाण्यात हलकं खळखळून घ्यायचा, तेही क्वचित. नवीन मीडिया पिकायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टॉप फिल्टर काढू नको, दोन्ही चालू ठेव.

आता रेफ्युजियम. मीडियातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, पण तिथंच थांबतात, आणि म्हणून तुझं टॉप फिल्टर कितीही चांगलं असलं तरी ८० चं ८०च. नायट्रेट बाहेर काढायला एकतर पाणी बदलायचं किंवा ते खाऊन वाढणारी वनस्पती लावायची. वरच्या टाकीत लावलीस तर ऑस्कर एका रात्रीत सगळ्याचा इस्कोट करणार, म्हणून ती खाली, माशांचं तोंड पोचणार नाही अशा कप्प्यात. कसं चालतं हे बघायचं तर रंकाळ्यावर जा. तलावात सांडपाणी मिसळलं की केंदाळ का माजतं, तर त्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस रग्गड असतो आणि केंदाळ तो ओढून स्वतःच्या अंगात साठवतं. ते काढून काठावर आणलं की तेवढं खत तलावातनं गेलं. तसंच ठेवलं आणि कुजलं की सगळं परत पाण्यात. रेफ्युजियम याच तत्त्वावर चालतं. नुसतं हिरवंगार भरलेलं रेफ्युजियम बघून खूश होणारे बरेच, पण दर आठवड्याला-पंधरवड्याला एक तृतीयांश कापून बाहेर काढली नाहीस तर वाढ थांबते, खालची पानं कुजतात आणि तू नायट्रेटची नुसती जागा बदललीस. कापलेलं कुंडीत टाक, गुलाबाला बरं असतं. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत टाकू नको, टाकीतली बरीच झाडं परदेशी आहेत आणि तिकडं आधीच पुरेशी आहेत. आणि तिथनं उचलून पण आणू नको, त्याच्याबरोबर जळवा, चतुराच्या अळ्या आणि नको ते पाणी येतं.

कुठली लावायची? मनी प्लांटला तोड नाही. मुळं पाण्यात, पानं बाहेर हवेत, त्यामुळं कार्बन डायऑक्साइड हवेतनं घेते आणि पाण्यातल्या वनस्पतींपेक्षा जोरात वाढते. वेल स्टँडच्या मागनं वर चढव, खिडकीजवळ असेल तर वेगळा दिवा पण लागत नाही. पाण्यात बुडालेल्यांपैकी हॉर्नवर्ट आणि गप्पी ग्रास लवकर वाढतात, पण हॉर्नवर्टच्या काड्या गळून पंपाच्या जाळीत बसतात, म्हणून कप्प्याच्या बाहेर पडायच्या तोंडाला खडबडीत स्पंज लाव. डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानं) नायट्रेट झकास खातं पण एकदा आलं की घरातनं जात नाही, ओव्हरफ्लोत, पंपात, कपड्यांवर सगळीकडं, मी लावत नाही. मॉसचा एक गोळा आणि थोडे चेरी झिंगे सोड, उरलंसुरलं अन्न ते साफ करतात. थोडे वाहत पंपाकडं जातील, काही जगतील, काही ऑस्करच्या पोटात.

दिवा १०-१५ वॅटचा साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विन लिहिलेला, रोपांसाठी म्हणून मिळणारा महाग जांभळा दिवा लागत नाही. तो रात्री लावायचा, वरच्या टाकीचा बंद झाल्यावर, टायमरवर दहा-बारा तास. रात्री माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, खालची झाडं तेव्हा प्रकाशात असली की तो उतार कमी होतो. वीज दिवसाला ०.१८ युनिट, विचारसुद्धा करू नको.

एक समज सगळीकडं ऐकायला येतो की रेफ्युजियममधनं पाणी अगदी हळू गेलं पाहिजे म्हणजे झाडांना नायट्रेट ओढायला वेळ मिळतो. मला हे पटत नाही. पाणी एकदाच जाऊन संपत नाही, तेच पाणी दिवसभर फिरून फिरून येतंय, झाड किती ओढणार हे प्रकाशावर आणि पाण्यात नायट्रेट किती आहे त्यावर ठरतं. फार हळू केलंस तर उलट गाळ बसतो. झाडं उपटून निघणार नाहीत एवढा वेग असला की झालं. तळात वाळू-माती घालायच्या पण भानगडीत पडू नको. ९ इंच पाण्यात ५ इंच वाळूचा थर घालून खाली ऑक्सिजन नसलेला भाग तयार करायचा प्रकार खाऱ्या पाण्यावाले करतात, नीट जमलं तर तिथं नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो, पण तो थर कुणी ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास आणि विष. नुसता उघडा तळ साफ करायला सोपा.

खाऱ्या पाण्याचं तू विचारलं नाहीस पण पुढं मन होईलच, म्हणून थोडक्यात. तिथं मनी प्लांटऐवजी कीटोमॉर्फा नावाचं तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ वापरतात, कॉलर्पा टाळतात कारण ते कधीकधी एकदम बीजं सोडून विरघळतं आणि साठवलेलं सगळं परत पाण्यात येतं. पहिल्या कप्प्यात स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र), त्याला लेव्हल कायम एकच लागते. आणि मालवण-रत्नागिरीकडं फिरायला गेल्यावर प्रवाळाचा दगड उचलून आणायचा नाही, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच अनुसूचीत.

उन्हाळ्यात वेगळीच गंमत होते. सम्पमध्ये बाष्पीभवनाची घट फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात दिसते, बाकी सगळीकडं लेव्हल तीच. तुझा कप्पा ८ बाय १२ इंचाचा, तिथं एक इंच म्हणजे जेमतेम दीड लिटर. एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असताना दिवसाला तीन लिटर उडालं की दोन इंच लेव्हल उतरते, दोन दिवस गावाला गेलास की पंप हवा ओढायला लागतो आणि जळतो. म्हणून बॉल कॉक लाव, छोटा, आरओ मशीनमध्ये असतो तसा, आणि शेजारी उंचावर २० लिटरचा कॅन. थेट नळाला जोडू नको, कॉक अडकला तर अख्खी महानगरपालिका तुझ्या हॉलमध्ये. उन्हाळ्यात सम्पवर एक छोटा पंखा मारलास तर दोन-तीन डिग्री तापमान उतरतं, पाणी जास्त उडेल तेवढंच.

विजेचं: स्विचबोर्ड स्टँडच्या आत नको, बाहेर आणि वर. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ दे म्हणजे वायरवरनं ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घे, पाण्यात हात घालणारे आपणच असतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर गुरगुरतो आणि तापतो, त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेव. सम्पचा एक फायदा इथं दिसतो, कॅनिस्टर बंद डबा असतो, लाईट काही तास गेली की आतला ऑक्सिजन संपून जिवाणू मरायला लागतात, सम्प उघडा असल्यानं जास्त तग धरतो.

पाण्याचं पण ऐक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडं लाईट आणि नळ दोन्ही गेले होते, ते विसरायचं नाही. पावसाळ्यात दोन-तीन कॅन साठवून ठेव, आणि नळाला गढूळ येतंय त्या दिवशी पाणी बदलू नको. एरवी नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेव किंवा क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे टाक. बोअरचं वापरत असशील तर आधी त्याचंच नायट्रेट तपास, कारण बोअरलाच ४० असेल तर वरचा सगळा खटाटोप करून तू ४० च्या खाली पाणी बदलून कधीच जाणार नाहीस, आणि ८० चं कोडं तिथंच सुटेल. ही टेस्ट सम्पच्या आधी कर, आजच कर.

अपेक्षा पण नीट ठेव. दोन पूर्ण वाढलेले ऑस्कर या टाकीला तसे जास्तच आहेत. रेफ्युजियम ८० चं १० करणार नाही, पण आठवड्याला ३० टक्के पाणी बदलणं चालू ठेवून, खाणं निम्मं करून आणि मनी प्लांट जोमात आली की दोन-तीन महिन्यांत ३०-४० पर्यंत यायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी सगळं जोडून साध्या पाण्यावर चालव, मासे टबातच. पाईपचं सोल्युशन लावल्यावर एक दिवस जाऊ दे आणि पहिलं पाणी फेकून दे. मग चालू असताना पंप मुद्दाम बंद कर, सम्प कुठपर्यंत चढतो बघ, परत चालू करून लेव्हल स्थिर झाली की पंपाच्या कप्प्यावर बाहेरनं मार्करनं रेघ मार, त्याच्या वर पुढं कधीच पाणी भरायचं नाही, घरातल्यांना पण दाखवून ठेव. मग मुख्य पाईपच्या तोंडावर फडकं दाबून बघ दुसरा पाईप सगळं पाणी घेतो का. शेवटी दोन्ही दाबून बघ वर किती चढतं. पहिले काही दिवस टाकीत धुक्यासारखे बारीक बुडबुडे दिसतील, काच आणि पाईप नवे असतात, त्यांच्यावर पातळ शेवाळी थर बसला की ते आपोआप जातात. आठवड्यानंतरही येत असतील तर पंपाच्या कप्प्यात लेव्हल कमी आहे का ते बघ आणि मग बुडबुड्यांच्या काचांमधली जागा मोजून मला सांग.